तीनला दहा कमी

केंब्रिजपासून चालत पाऊण तासावर, नदीकाठी, पाचशे-साडेपाचशे वस्तीचं एक गाव आहे. कवी, गणिती, गायक, टीव्हीवाले, सगळे या गावाच्या प्रेमात पडले. लंडनच्या ट्रिपमधला एक दिवस शिल्लक असेल, तर तो ग्रँटचेस्टरला द्या!

लंडनला गेलेल्या आपल्या मंडळींची लिस्ट ठरलेली असते. बिग बेन, लंडन आय, मादाम तुसाँ, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी आणि मग एक दिवस ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज. केंब्रिजवाले किंग्ज कॉलेजच्या चॅपलसमोर फोटो काढतात, तासभर होडीत बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतात. नदीच्या वरच्या अंगाला जेमतेम तीन किलोमीटरवर काय आहे, याचा पत्ता बहुतेकांना लागतच नाही.

मला तो लागला मावसभावामुळे. तो केंब्रिजला पोस्टडॉक करतो. चार दिवस त्याच्याकडे मुक्काम होता आणि मी सवयीप्रमाणे प्रत्येक तासाचा प्लॅन करून गेले होते. फ्रीलान्स माणसाला सुट्टीतसुद्धा डेडलाइन लागते! त्याने यादीवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, उद्या यातलं काहीच करायचं नाही. उद्या ग्रँटचेस्टर." तिथे काय बघायचं, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, "काही नाही. चालायचं आणि चहा प्यायचा."

वाट हीच खरी मजा

ग्रँटचेस्टरला गाडीने जाता येतं, पण जाऊ नये. केंब्रिजच्या मिल पाँडपासून निघायचं. इथे पंटवाल्यांची गर्दी असते. पंट म्हणजे सपाट बुडाची लांबट होडी. एकजण मागे उभा राहतो आणि लांबलचक काठी नदीच्या तळाला टेकवून होडी पुढे ढकलतो. बघताना सोपं वाटतं. दहा मिनिटांत काठी चिखलात रुतते आणि होडी पुढे निघून जाते, तेव्हा काठावरचे लोक मनापासून टाळ्या वाजवतात.

नदी डाव्या हाताला ठेवत न्यूनहॅम या उपनगरातून बाहेर पडलं की घरं एकदम संपतात. छोटंसं फाटक ढकलायचं आणि समोर कुरणं. ग्रँटचेस्टर मेडोज! गुडघाभर गवत, रवंथ करणाऱ्या गायी, पाण्यावर झुकलेले विलोचे वृक्ष आणि मधून संथ वळणं घेत जाणारी नदी. या वाटेला केंब्रिजचे विद्यार्थी पूर्वापार 'ग्रँटचेस्टर ग्राइंड' म्हणतात. पण दमवणारं इथे काहीच नाही, सगळा सपाट रस्ता. बाबागाडी ढकलणाऱ्या आया, कुत्री, पुस्तक वाचत चालणारी मुलं असे सगळे आपापल्या वेगाने जात असतात.

सपाट असण्याचंही कारण आहे. ही नदीची पूरभूमी. हिवाळ्यात पाऊस जास्त झाला की नदी कुरणभर पसरते आणि पायवाट पाण्याखाली जाते. गाव मात्र पश्चिमेकडच्या जराशा उंचवट्यावर बसलेलं आहे. म्हणजे शतकांपूर्वी इथे वस्ती करणाऱ्यांनी सोपा हिशेब केला : नदी हाताशी हवी, उंबऱ्यात नको. 'पूररेषा' हा शब्द आपल्या कानावर पडतो तो फ्लॅट बुक करताना. इथे ती रेषा डोळ्यांना दिसते. कुरण संपतं, चढ लागतो आणि पहिलं घर येतं.

नदी आधी की नाव आधी?

गावाच्या नावाची गोष्ट मस्त आहे. या नदीचं जुनं नाव ग्रँटा. तिच्या काठी वस्ती करून राहिलेले ते 'ग्रँटाकाठचे लोक', आणि त्यावरून गावाचं नाव. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवसुलीसाठी करून घेतलेल्या खानेसुमारीत, हे गाव 'ग्रँटसेते' अशा नावाने सापडतं. पुढे त्या शेपटाचं 'चेस्टर' झालं. चेस्टर म्हणजे रोमन ठाणं, म्हणून इथे रोमन किल्ला असणार असं अनेकांना वाटत आलं. पण या नावाचा रोमनांशी संबंध नाही.

याहून गंमत शेजारच्या शहराची. ग्रँटावरचा पूल म्हणून त्याचं नाव होतं ग्रँटाब्रिज. लोकांच्या तोंडी घासत घासत त्याचं झालं केंब्रिज. मग कोणीतरी उलटा विचार केला : शहर जर 'केम'ब्रिज, तर नदी 'केम' असली पाहिजे! आणि नदीचंच नाव बदललं. शहराने नदीचं नाव घेतलं, ते मोडलं आणि मोडलेलं नाव नदीला परत दिलं. ग्रँटचेस्टरकर मात्र आपल्या गावापासच्या प्रवाहाला अजूनही ग्रँटा म्हणतात.

गावाच्या वरच्या अंगाला दोन प्रवाह एकत्र येतात. त्यातला ऱ्ही हा हर्टफर्डशर परगण्यातल्या अ‍ॅशवेलच्या झऱ्यांतून निघतो. पुढे केम केंब्रिजमधून जाते, ईली गावाच्या अलीकडे ग्रेट ऊझ नदीला मिळते आणि त्या नदीबरोबर उत्तर समुद्राला. आपल्या नद्यांपुढे हा प्रकार ओढ्याएवढाच म्हणा ना. पण या ओढ्याने इंग्रजी साहित्यात जेवढी जागा अडवली आहे, तेवढी फार थोड्या मोठ्या नद्यांना मिळाली.

सफरचंदाखालचा चहा

कुरण ओलांडून गावात शिरलं की 'द ऑर्चर्ड'. नावाप्रमाणेच फळबाग. ही झाडं १८६८ साली लावली गेली. १८९७ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी बागेच्या मालकिणीला विनंती केली, की नेहमीसारखा घरापुढच्या हिरवळीवर नको, आज झाडांखाली चहा द्याल का? तिने दिला. बस्स, ही टी गार्डन अशी सुरू झाली.

आजही तेच चालतं. आत काउंटरवर ट्रे भरून घ्यायचा आणि झाडाखालची हिरवी डेक चेअर पकडायची. चहाबरोबर स्कोन. नानकटाई आणि पाव यांच्या मधलं हे प्रकरण, त्यावर साय आणि जॅम थापून खायचं. मे महिन्यात गेलात तर कपात पाकळ्या पडतात, सप्टेंबरात गेलात तर सफरचंद पडायची भीती. डेक चेअरमध्ये एकदा रुतलं की उठवत नाही. माझा फोन पिशवीतच राहिला, हे मला तासाभराने लक्षात आलं.

या बागेला जगप्रसिद्ध केलं ते रुपर्ट ब्रुकने. किंग्ज कॉलेजचा विद्यार्थी, कवी आणि सिनेमातल्या हिरोसारखा देखणा. केंब्रिजच्या गजबजाटातून सुटायला तो १९०९ मध्ये ऑर्चर्ड हाउसमध्ये भाड्याने राहायला आला. अनवाणी फिरायचं, नदीत पोहायचं, झाडाखाली अभ्यास करायचा असा दिनक्रम. मग मित्रमैत्रिणी यायला लागल्या. आणि मित्र तरी कोण? कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फ, ई. एम. फॉर्स्टर, अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स. चित्रकार ऑगस्टस जॉन तर १९०९च्या उन्हाळ्यात बायकामुलं आणि घोडागाड्यांसकट या कुरणातच तळ ठोकून राहिला होता. ब्रुकच्या कंपूला वूल्फने 'निओ-पेगन्स' असं नाव ठेवलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला शोभेल असंच नाव आहे की नाही?

यातल्या फॉर्स्टरचं आपल्याशीही नातं आहे. १९२१ मध्ये तो देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा संस्थानिकाचा, तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव म्हणून राहिला होता. पुढे त्या दिवसांवर त्याने 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं. देवासच्या टेकडीवर चामुंडा मातेचं देऊळ आहे, शीर्षकातली देवी तीच. या बागेत बसून ते आठवलं की हे गाव एकदम इतकं परकं वाटेनासं होतं.

थांबलेलं घड्याळ

ब्रुक पुढे शेजारच्या 'ओल्ड व्हिकरेज' या घरात राहायला गेला. १९१२ च्या मे महिन्यात तो बर्लिनमधल्या एका कॅफेत बसला होता, तेव्हा त्याला घराची जबरदस्त आठवण आली आणि 'द ओल्ड व्हिकरेज, ग्रँटचेस्टर' ही कविता झाली. तिच्यातलं चर्चचं घड्याळ तीनला दहा कमी असताना थांबलेलं आहे. इंग्रज माणसाच्या मनातली कधी न संपणारी दुपार म्हणजे ही कविता.

तीन वर्षांनी, २३ एप्रिल १९१५ रोजी, ब्रुक गेला. पहिल्या महायुद्धात नौदलातून गॅलिपोलीच्या मोहिमेवर जाताना डास चावल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली आणि विष अंगात भिनलं. ग्रीसजवळ एका फ्रेंच रुग्णनौकेवर त्याचा अंत झाला. स्कायरोस बेटावर त्याला पुरलं. वय २७. म्हणजे मी ज्या वयात होम लोनच्या जाहिराती स्क्रोल करते, त्या वयाचा.

गावातलं सेंट अँड्र्यू आणि सेंट मेरी चर्च मध्ययुगीन आहे. त्याच्या आवारात युद्धात गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे. त्यावर इतर नावांच्या ओळीत ब्रुकचंही नाव आहे. वेगळी चौकट नाही, मोठं अक्षर नाही. या एवढ्याशा गावाने किती मुलं गमावली, ते तिथे उभं राहून मोजता येतं. मग ती कविता नुसती गोड वाटत नाही. ज्या दुपारी घड्याळ थांबलंय असं वाटत होतं, त्या दुपारनंतर दोनच वर्षांनी युद्ध सुरू झालं होतं.

मी गेले तेव्हा मनोऱ्यावरचं घड्याळ चालू होतं. फोन काढून पडताळूनही पाहिलं. मावसभाऊ हसला, "सगळे हेच करतात!"

नदीकाठचे पाहुणे

ब्रुकच्या आधीही इथे पाहुणे होतेच. गावाच्या थोडं वर, बॉर्न ब्रुक हा ओढा जिथे केमला मिळतो, तिथे 'बायरन्स पूल' नावाचा डोह आहे. कवी लॉर्ड बायरन ट्रिनिटी कॉलेजात शिकताना इथे पोहायचा म्हणून हे नाव. ब्रुक आणि व्हर्जिनिया वूल्फ चांदण्यात याच डोहात पोहल्याचा किस्सा गावात चवीने सांगतात. आज तिथे काँक्रीटचा बांध आहे, त्यामुळे रोमान्स थोडा कमी झालाय, पण आजूबाजूचं रान राखीव ठेवलंय. समोरच्या काठावर ट्रम्पिंग्टन. चौदाव्या शतकातल्या चॉसरने तिथल्या लबाड गिरणीवाल्याला केंब्रिजचे दोन विद्यार्थी कसे पुरून उरतात याची चावट गोष्ट रचली. ग्रँटचेस्टरचीही पाणचक्की होती, ती १९२८ मध्ये जळाली. तिच्या शेजारच्या मिल हाउसमध्ये गणिती व्हाइटहेड राहत होता आणि बर्ट्रंड रसेल त्याच्याकडे मुक्कामाला असायचा. गणिताचा पाया तर्काने रचायचा त्यांचा अवाढव्य प्रकल्प, 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका', त्याच काळात आकार घेत होता.

कवयित्री सिल्व्हिया प्लाथ आणि टेड ह्यूज लग्नानंतर न्यूनहॅममध्ये, या वाटेच्या तोंडाशीच राहायचे. प्लाथ फिरायला यायची आणि गायींना मोठ्याने चॉसर म्हणून दाखवायची. गायी म्हणे गोळा होऊन ऐकायच्या. रॉकवाल्यांसाठी तर हे तीर्थक्षेत्रच! पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स, सिड बॅरेट आणि डेव्हिड गिलमर केंब्रिजमध्ये वाढलेले. १९६९च्या 'उमागुमा' अल्बममध्ये वॉटर्सचं 'ग्रँटचेस्टर मेडोज' नावाचं गाणं आहे. हेडफोन लावून याच वाटेवर ऐकावं.

आणि ओल्ड व्हिकरेज? कॉलेजात असताना फुटपाथवरून ज्याच्या जाडजूड कादंबऱ्या आपण निम्म्या किमतीत उचलल्या, तो जेफ्री आर्चर बायकोसह तिथे राहायला आला. घरासमोर ब्रुकचा पुतळा आहे, २००६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. टीव्हीप्रेमींसाठी २०१४ पासूनची 'ग्रँटचेस्टर' ही मालिका आहेच. पन्नासच्या दशकातला पाद्री खुनांचा तपास लावतो. ती बघून येणारे गल्लीबोळांत लोकेशन शोधत फिरतात. एवढ्याशा गावात इतके खून कसे होतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हे सगळं टिकलं कसं?

कुरणातून परत येताना माझ्या डोक्यात पत्रकाराचा किडा वळवळायला लागला. भरभराटीच्या शहराला लागून एवढी मोकळी जमीन. इथे टॉवर का नाहीत?

एक कारण पूर, दुसरं मालकी. कुरण किंग्ज कॉलेजचं आहे. आपले जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला आले आणि पुढे या किंग्ज कॉलेजचेच फेलो झाले. 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्रातलं एक नगर म्हणजे केंब्रिज. तर ही जमीन कॉलेजची, पण वाट सगळ्यांची. या दोन गोष्टी नेहमी गुण्यागोविंदाने नांदतात असं मात्र नाही. २०२१च्या उन्हाळ्यात कॉलेजने इथे नदीत पोहायला बंदी केल्याचं जाहीर केलं. शतकानुशतकं लोक जिथे पोहत आले, तिथे बंदी! हजारोंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि कॉलेजला निर्णय मागे घ्यावा लागला.

पण पोहायला परवानगी मिळाली म्हणून पाणी चांगलं झालं, असं होत नाही. याच नदीवर, केंब्रिजच्या बाजूला असलेल्या 'शीप्स ग्रीन'ला २०२४ मध्ये अधिकृत स्नानाच्या जागेचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला की पाण्याची नियमित तपासणी होते. पहिल्याच वर्षी निकाल लागला 'पूअर', म्हणजे नापास. सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी घाण, कारणं आपल्या ओळखीचीच.

दुसरा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. केमला पाणी पुरवणारे झरे खडूच्या खडकातून येतात. खडू म्हणजे फळ्यावरचा वाटावा असा पांढरा, सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी त्यात मुरतं, गाळलं जातं आणि स्वच्छ, थंड होऊन वर येतं. जगातले बहुतेक असे झरे इंग्लंडमध्येच आहेत. अडचण अशी की केंब्रिजचं पिण्याचं पाणीही जवळजवळ सगळं याच खडकातून उपसलं जातं. आणि इंग्लंड म्हणजे सतत पाऊस, हा आपला समज इथे पार चुकतो. केंब्रिजला वर्षाला साधारण ५६० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात याहून जास्त पडतो! शहर वाढतंय, बायोटेक आणि आयटी कंपन्या येतायत, घरं हवीत. २०२३ मध्ये इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने पाण्याच्या कारणावरून केंब्रिजभोवतीच्या हजारो घरांच्या प्रस्तावांवर हरकत घेतली, तेव्हा हा विषय सरकारपर्यंत पोचला. त्याआधी, २०२१ मध्ये, स्थानिक लोकांनी नदीकाठी जमून केमच्या हक्कांचा जाहीरनामा वाचला होता. नदीला वाहण्याचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं.

हे कळल्यावर मला ते गाव पोस्टकार्डासारखं दिसेनासं झालं, आणि जास्त आवडलं. ग्रँटचेस्टरची निवांत दुपार आपोआप आलेली नाही. पूरभूमीत बांधायचं नाही हा जुना शहाणपणा, वाट उघडी राहावी म्हणून केलेल्या सह्या, पाणी तपासायला लावणारे पोहणारे आणि कुरणात चरणाऱ्या गायी, या सगळ्यांनी मिळून ती राखली आहे. कवीने घड्याळ थांबवलं ते कवितेत. काठावर राहणाऱ्यांना रोज वेळेकडे लक्ष ठेवावं लागतं.

तुम्ही जाल तेव्हा डेक चेअरमध्ये खुशाल आडवे व्हा, स्कोन खा, फोटो काढा. फक्त येताना पुलाशी दोन मिनिटं थांबा आणि पाण्यात डोकावून बघा. तळ दिसतोय का, हा त्या गावातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

कसं जाल?

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून जलद गाडीने केंब्रिजला साधारण ५० मिनिटं लागतात. स्टेशनवरून मिल पाँडपर्यंत चालत किंवा बसने या आणि तिथून कुरणाची वाट धरा. मे ते सप्टेंबर हा उत्तम काळ. पावसानंतर चिखल होतो, त्यामुळे पांढरे स्नीकर्स नकोत. हिवाळ्यात पुराची चौकशी करून निघा. पंटने जायचं असेल तर जाऊन-येऊन अर्धा दिवस मोकळा ठेवा, शिवाय कोरड्या कपड्यांचा एक जोडही. आणि हो, कुरणातली फाटकं उघडलीत तर आठवणीने लावा. गायी वाट बघतच असतात.